शाळा की घर : एका ख्रिस्ती आईने दोन्ही वाटा चालून केलेली तुलना

माझी थोरली मुलगी चौथीपर्यंत शाळेत शिकली आणि त्यानंतर घरी शिकू लागली. मधला मुलगा आता अकरा वर्षांचा आहे आणि त्याने शाळेच्या वर्गात एकही दिवस काढलेला नाही. शाळा आणि घर या दोन्ही वाटा अशा रीतीने आमच्या एकाच उंबरठ्यावरून गेलेल्या आहेत. गेल्या काही महिन्यांत मंडळीतील तीन तरुण मातांनी मला एकच प्रश्न विचारला, की लेकरांना ख्रिस्ती विश्वासात वाढवायचे असेल तर शाळेत घालावे की घरीच शिकवावे. उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या द्यावे इतके ते उत्तर लहान नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

प्रथम उद्दिष्टाविषयी बोलले पाहिजे, कारण उद्दिष्ट ठरल्याशिवाय तुलना करता येत नाही. आम्हा उभयतांची अपेक्षा अशी होती, की मुलांना देवाचे वचन पाठ असण्यापेक्षा आपलेसे असावे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा नीट लिहिता-वाचता याव्यात, हाताला कामाची सवय असावी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत ती संकोचाने नव्हे तर प्रेमाने वावरावीत. पैकी कोणतीही गोष्ट केवळ घरीच साधते असे नाही आणि शाळेत आपोआप साधते असेही नाही.

विश्वासाच्या बाबतीत पुष्कळ पालकांचा एक गैरसमज असतो. मिशनच्या किंवा कॉन्व्हेंटच्या शाळेत प्रवेश मिळाला की संस्कारांची काळजी मिटली, असे ते धरून चालतात. प्रत्यक्षात राज्यघटनेच्या कलम २८ नुसार, शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे अशा शाळांत बहुधा परिपाठाची एक प्रार्थना आणि मूल्यशिक्षणाची तासिका एवढेच वाट्याला येते. थोरलीची शाळा चांगली होती, शिक्षिका मनापासून शिकवत. तरीही पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, ओळख तिला जी झाली ती रविवारच्या शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, आणि घरच्या कौटुंबिक उपासनेत. म्हणजे मूल शाळेत गेले तरी हे काम आईवडिलांकडेच राहते. फरक पडतो तो त्या कामासाठी दिवसाचा कोणता भाग उरतो याचा.

शाळेच्या दिवसांत आमची उपासना रात्री साडेआठला होत असे. पहाटे उठून बस, दुपारी घरी, मग गृहपाठ, मग जेवण, आणि स्तोत्र वाचायला घेतले की मुलीची मान छातीवर टेकलेली असे. घरी शिकवू लागल्यावर तेच वाचन सकाळी सहाला, चहानंतर, मन ताजे असताना होऊ लागले. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे सांगतो, की या गोष्टी घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी बोलाव्यात. घरी शिकवण्याचा खरा लाभ मला त्या ‘वाटेने चालताना’मध्ये दिसला. मधल्याला मी बायबलमधील रूथची, बवाजाच्या रानात कणसे वेचणाऱ्या विधवेची, कथा वाचून दाखवत होते, तेव्हा ‘सरवा’ या शब्दाशी तो अडला. कापणीनंतर रानात मागे राहिलेली कणसे, असा अर्थ मी सांगितला. त्याने मान हलवली, पण त्याच्या डोळ्यांसमोर काही उभे राहिले नाही हे मला दिसले. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील माझ्या माहेरी गेलो, तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती. कापणी झालेल्या रानात दोन बायका वाकून मागे राहिलेली कणसे ओटीत वेचत होत्या. तो बांधावर थांबला आणि म्हणाला, “आई, हा सरवा ना? मग बवाजाने गड्यांना मुद्दाम कणसे टाकायला सांगितली, ती अशी?” त्या दिवशी दुसरा कोणताही धडा झाला नाही, आणि व्हायला नको होता. शाळेच्या वेळापत्रकात फेब्रुवारीच्या अखेरीस आठवडाभर गावी जाणे आम्हाला कधीच जमले नव्हते.

याच बाबतीतली घराची बाजू मात्र निर्दोष नाही. शाळेत रागावणारी व्यक्ती वेगळी असते आणि घरी प्रार्थना शिकवणारी वेगळी असते. घरी शिकवताना ती दोन्ही कामे एकाच आईच्या तोंडून होतात. एकदा गुणाकाराच्या एकाच उदाहरणात चार वेळा चूक झाल्याने मी मुलावर बरीच ओरडले आणि थोड्याच वेळाने उपासनेसाठी सगळ्यांना हाक मारली, तेव्हा त्याने विचारले, “आता प्रार्थनेतपण रागावणार का?” त्या प्रश्नाने मला जितके शिकवले तितके कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. तेव्हापासून गणित त्याचे वडील संध्याकाळी घेतात. ज्या घरात आईला असा हात देणारे दुसरे कोणी नाही, त्या घराने शाळेचा विचार अधिक गांभीर्याने करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आईच्या वेळाचा प्रश्न आला की मला पंडिता रमाबाईंच्या आईची आठवण होते. लक्ष्मीबाई डोंगरे यांनी रमाबाईंना साधारण आठव्या वर्षापासून संस्कृत शिकवायला सुरुवात केली. घरकाम, पाहुणे आणि पतीच्या विद्यार्थ्यांची सरबराई यांतून त्यांना दिवसा सवड मिळत नसे, म्हणून त्या पहाटे पाखरांचा किलबिलाट सुरू होताना लेकीला उठवून, कुशीत घेऊन धडा देत, असे सांगितले जाते. ते घर ख्रिस्ती नव्हते. रमाबाईंचा बाप्तिस्मा पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण ज्या स्त्रीने आयुष्याच्या अखेरपर्यंत संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतरावर परिश्रम घेतले, तिचा भाषेचा पाया एका दमलेल्या आईने पहाटेच्या थोड्या वेळात घातला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. घरी शिकवायचे म्हणजे सहा तासांची शाळा घरात भरवायची असे नसते. आमचा नियमित अभ्यास आठ ते साडेअकरा एवढाच चालतो. मात्र ते साडेतीन तास निर्वेध असावे लागतात. त्या वेळात फोन, बाजारहाट, पाहुणे आणि मंडळीची कामे यांना आईने नाही म्हणायला शिकावे लागते, आणि आपल्याकडे हे सर्वांत अवघड आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईला दुपारी दोन तास तरी स्वतःचे मिळतात. घरी शिकवणाऱ्या आईला ते मिळत नाहीत, हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

घर निवडल्यावर दुसरी निवड समोर येते, ती अभ्यासक्रमाची. परदेशातून येणारा तयार ख्रिस्ती अभ्यासक्रम घ्यावा की आपला आपण जुळवावा? पहिली दोन वर्षे आम्ही एक तयार अमेरिकी संच वापरला. त्यात सोय मोठी आहे, कारण रोज काय शिकवायचे ते छापलेले असते आणि नवख्या आईची धांदल उडत नाही. परंतु त्यातला इतिहास तिकडच्या वसाहतींचा, मापे इंच आणि गॅलनची, ऋतू बर्फाचे, आणि मराठीला जागाच नाही. दोन वर्षांनी माझ्या आईने थोरलीला वाढदिवसाचे पत्र पाठवले, मुलगी ते घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “तू वाचून दाखव, आजीची जोडाक्षरे मला लागत नाहीत.” आजीचे पत्र नातीला वाचता येऊ नये, याचा दोष त्या संचाचा नव्हता, मराठीकडे दुर्लक्ष मी केले होते.

त्यानंतर आम्ही स्वतः जुळवाजुळव केली. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंची (१८४२–१९२३) पद्धत पुष्कळ ख्रिस्ती माता वापरतात : लहान वयात पंधरा-वीस मिनिटांचे धडे, जीव लावून लिहिलेली पुस्तके, वाचलेले मुलाने आपल्या शब्दांत परत सांगणे आणि रोज उघड्यावर निसर्गाचे निरीक्षण. पद्धत तिची, पण साहित्य इकडचे असे आम्ही केले. बालभारतीची सर्व पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तेथे वाचता येतात. गणित आणि विज्ञान बालभारतीचे, इंग्रजीसाठी निवडक पुस्तके, आणि सकाळच्या उपासनेत ना. वा. टिळकांची भजने, ज्यांतून भक्ती आणि उत्तम मराठी दोन्ही एकदम मिळतात. ज्या आईला मराठी पुस्तकांची आवड आहे तिला हा मार्ग सुखाचा जाईल. जिला रोजची आखणी जमत नाही तिने तयार संच घ्यावा, पण मराठीचा अर्धा तास त्यात स्वतः घालावा.

परीक्षांविषयी आजी-आजोबांना सर्वाधिक चिंता असते, आणि ती रास्त आहे. घरी शिकणाऱ्या मुलासाठी सर्वांत रुळलेली वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. ही संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली असून तिचे प्रमाणपत्र इतर मंडळांच्या तोडीचे मानले जाते. दहावीसाठी वय चौदा पूर्ण लागते, किमान पाच विषय घ्यावे लागतात, माध्यम म्हणून मराठीही निवडता येते, आणि परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. पाच वर्षांत नऊ संधी असल्याने सगळे विषय एकदम देण्याची सक्ती नाही. थोरलीने तीन विषय एप्रिलमध्ये दिले आणि दोन ऑक्टोबरसाठी ठेवले. लेखी स्वाध्यायांना वीस टक्के गुण आहेत, त्यांची तारीख मात्र विसरू नये. राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या द्यायची झाल्यास १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, पण त्यासाठी पाचवी उत्तीर्ण असण्याची आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची अट असते. चौथीनंतर शाळा सोडलेल्या आमच्या मुलीला तो मार्ग सरळ नव्हता. म्हणून ज्यांचे मूल सध्या शाळेत आहे त्यांनी शक्यतो पाचवी पूर्ण होऊ द्यावी आणि दाखला जपून ठेवावा. केंब्रिजच्या परीक्षाही खासगी विद्यार्थी म्हणून देता येतात. विषयवार शुल्क मोठे असल्याने परदेशी शिक्षणाचा निश्चित विचार नसेल तर त्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही. शाळेतल्या मुलाच्या पालकांना यातले काहीच करावे लागत नाही, ही शाळेची मोठी जमेची बाजू आहे.

कायद्याचे थोडक्यात सांगते. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानतो, पण त्यात पालकाला शिक्षेची तरतूद नाही. होमस्कूलिंगला स्वतंत्र मान्यताही नाही. जोडप्यापैकी एकाला या अनिश्चिततेने झोप लागत नसेल, तर ते घर या वाटेसाठी तयार नाही.

खर्चाचेही तसेच सरळ आहे. शाळेची फी, गणवेश, बस वाचते; पुस्तकांवर थोडे जाते; आणि मी परिचारिकेची नोकरी सोडली, त्या पगारापुढे हे दोन्ही आकडे क्षुल्लक आहेत.

सोबतीच्या प्रश्नावर माझे मत काळानुसार बदलले. सुरुवातीला मला वाटे, की वाईट संगत टाळणे हाच घराचा मोठा फायदा. पण २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी, साधारण दहा लाख ऐंशी हजार होते. आपली मुले पुढे ज्यांच्यामध्ये नोकरी करणार, घर घेणार, आजारी पडल्यावर ज्यांच्या खांद्यावर टेकणार, ते बहुतेक सगळे अन्य धर्मांचे शेजारी असतील. थोरलीला शाळेने ते शेजारपण सहज दिले. तिच्या वर्गमैत्रिणी आजही दिवाळीचा फराळ घेऊन येतात आणि नाताळाच्या करंज्या तळायला आमच्या ओट्याशी उभ्या राहतात. मधल्याला ते मिळावे म्हणून आम्हाला क्रिकेटचा संघ, तबल्याचा वर्ग आणि सोसायटीतली मुले असे मुद्दाम जमवावे लागले, आणि तरीही अनोळखी घोळक्यात तो थोडा मागे उभा राहतो. येथे शाळेचे पारडे जड आहे, हे मी मान्य करते.

आता धाकटीचे सांगते, कारण तीनही मातांनी शेवटी हेच विचारले. ती येत्या जूनमध्ये सहा वर्षांची होईल आणि तिला आम्ही शाळेत घालत आहोत. सासूबाई पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांची आंघोळ, औषधे आणि भरवणे सकाळच्या त्याच साडेतीन तासांत येते, आणि मधल्याचा अभ्यास सांभाळून धाकटीला अक्षर-ओळख देण्याइतकी मी त्या वेळात मोकळी राहत नाही. राज्य शासनाने २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतरच भरवण्याचे ठरवले आहे, त्यामुळे थोरलीच्या वेळी हातची गेलेली सकाळ या वेळी आमच्याकडे राहील. साडेसहाला उपासना, ती आता सासूबाईंच्या खोलीत होते. एक स्तोत्र त्या तोंडपाठ म्हणतात आणि धाकटी त्यांच्यामागून एकेक ओळ म्हणते. आठ वीसला बस येईल.