फक्त चिखल की चिखल अधिक डांबर: स्वेन नीस वि. मॅथ्यू व्हॅन डर पोल

आपल्या नागपुरात रविवारी फुटाळा-सेमिनरी हिल्सवर सायकल हाणणाऱ्या पोरांत हा वाद निघतोच, सायक्लोक्रॉसमध्ये (चिखल, अडथळ्यांतून सायकल हाणायची हिवाळ्यातली रेस, थोडक्यात क्रॉस) करिअर कोणाचं भारी बे?

बेल्जियमचा नीस म्हणजे मुख्यतः क्रॉसचाच माणूस, वर्ल्ड टायटल दोनच, 2005 आणि 2013, पण वर्षानुवर्षं दर हिवाळ्यात जिंकत राहिला अन् 2016 ला थांबला. वाटेत अडथळा म्हणून लावलेल्या 40 सेंटिमीटरच्या फळ्या आल्या की बाकीचे उतरून सायकल उचलून पळायचे, हा गडी न उतरता दोन्ही चाकं उचलून पार. तिकडं लोक तिकीट काढून रेस बघतात, नुसतं स्टार्ट लाइनवर उभं राहायचेही आयोजक पैसे देतात, म्हणून असं करिअर जमतं. बेल्जियम-नेदरलँड्सच्या बाहेर मात्र कठीणच आहे भाऊ.

डच व्हॅन डर पोलचं गणित वेगळं. 2023 मध्ये फेब्रुवारीत क्रॉसचा वर्ल्ड चॅम्पियन आणि ऑगस्टमध्ये ग्लासगोला रोडचाही, म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या रेसचा! 2025 पर्यंत क्रॉसची 7 टायटल, वर पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली मोठी रोड रेस सलग 3 वेळा. पण रोडसाठी अंग राखायचं म्हणून क्रॉसच्या रेस मोजक्याच खेळतो, अर्ध्या सीझनला तर दिसतच नाही.

पैसा, नाव बघाल तर डच पोरगा, विषयच नाही. पण पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत ज्याची चाकं जाम झालीत त्याला विचारा, माझं मत नीसला.