विटा की ब्लॉक? सोलापुरात आधी स्लॅबचा विचार करा

जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला प्लॉट घेतला, नकाशा मंजूर झाला, की घरात पहिला वाद रंगतो तो भिंतींचा. मामांना लाल वीटच हवी असते, ठेकेदार एएसी ब्लॉकचा (सिमेंट-राखेच्या हलक्या, सच्छिद्र ठोकळ्याचा) आग्रह धरतो आणि शेजारी कुणी राखेच्या विटेचं नाव काढतं. तुलना करायलाच हवी, फक्त सगळा जीव आणि सगळा पैसा तिथे ओतू नका. बैठं घर असो वा वरचा मजला, सोलापूरचा उन्हाळा आत शिरतो तो मुख्यतः डोक्यावरून.

आपलं शहर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो. त्या वेळी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. मारा होतो तो स्लॅबवर, आणि चारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री, नेमकं झोपायच्या वेळी, ती उष्णता खाली सोडतो. पंखा लावला तरी गरम हवाच अंगावर येते ती यामुळे.

आता भिंती. लाल विटेचा एक घनमीटर साधारण 1600 ते 1900 किलो भरतो, तर एएसी ब्लॉकचा 550 ते 650 किलो. ब्लॉकमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून तो हलका आणि म्हणूनच त्यातून उष्णता हळू जाते. 8 इंची ब्लॉकची भिंत 9 इंची विटेच्या भिंतीपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता अडवते. दुसरा फायदा पाण्याचा. विटा आधी भिजवाव्या लागतात, बांधकामावर आठवडाभर पाणी मारावं लागतं. ब्लॉक चिकट मसाल्याने पातळ सांध्यात जोडला की जोडणीला ते लागत नाही. प्लॅस्टरला मात्र लागतंच. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ही बचत छोटी नाही.

ब्लॉकची दुसरी बाजूही बघा. तो भार घेण्यासाठी वापरत नाहीत, म्हणजे कॉलम-बीमचा सांगाडा आलाच. ब्लॉक आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी न मारता प्लॅस्टर केलं तर तिथे तडा ठरलेला. जड कपाट टांगायचं तर साधा खिळा धरत नाही, त्यासाठीचे वेगळे प्लग लागतात. लाल वीट या बाबतीत सोशिक आहे. पण ती घेताना दोन विटा एकमेकींवर आपटून बघा, खणखणीत आवाज यायला हवा. राखेची वीट फताटेवाडीच्या औष्णिक केंद्रामुळे आपल्याला जवळची. आकाराने एकसारखी असल्याने प्लॅस्टर कमी लागतं, पण वजनदार आहे आणि उन्हाच्या बाबतीत लाल विटेहून फारशी वेगळी नाही.

निवड खरं तर जमीन करते. खोदल्यावर तीन-चार फुटांवर कठीण मुरूम लागला आणि एकच मजला कायमचा पुरणार असेल, तर विटांचं लोड बेअरिंग (कॉलमशिवाय, भार भिंतींवरच पेलणारं) घर चालतं. मात्र जोत्यावर, लिंटेलला (दार-खिडक्यांच्या माथ्यावर) आणि छताखाली काँक्रीटची सलग पट्टी फिरवा, कोपऱ्यांत सळ्या सोडा. काळी माती खोल असेल तर ती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिथे पाया मुरमापर्यंत नेऊन सांगाडा उभारा आणि भिंती ब्लॉकच्या करा. भिंती हलक्या, म्हणून पायावरचं ओझंही कमी.

जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराचा गारवा आठवून कुणी स्लॅबवर जाड मातीचा थर सुचवेल. तो गारवा खरा होता. पण 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची जड माळवदंच माणसांवर कोसळली. डोक्यावर वजन चढवून गारवा मिळवायचा मार्ग मी कुणालाही सुचवणार नाही.

स्लॅबवर काय करायचं, यात मात्र मन लावा. नुसता कोबा (सिमेंटमध्ये बसवलेल्या विटांच्या तुकड्यांचा थर) पाणी अडवतो आणि उष्णता थोडी उशिरा आत सोडतो, परतवत नाही. शिवाय 4 इंची कोबा म्हणजे दर चौरस मीटरला 200 किलोंच्या आसपास भार, तो डिझाइन करणाऱ्याला आधी सांगा. पांढरा उष्णतारोधक रंग सगळ्यांत स्वस्त, फरकही पहिल्याच उन्हाळ्यात कळतो. पण आपल्याकडची धूळ बसली की तो निम्मा निकामी, दर उन्हाळ्याआधी धुवायला हवा आणि काही वर्षांनी पुन्हा मारायला हवा. कोब्यावर पांढऱ्या फुटक्या टाइलांचा चायना मोझॅक बसवला तर तेच काम खूप वर्षं होतं. वर पत्र्याची शेड उघड्या बाजूंनी उंच घेतली तर सावली उत्तम मिळते, पण परवानगी तपासा आणि वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडणार नाहीत इतकी पक्की बांधा. खालून पीओपीचं छत लावणं मला पटत नाही: तोवर स्लॅब तापलेलाच असतो, आणि गळती झाली तर लपून राहते.

माझी पसंती स्लॅबवर 50 मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फोमचा पत्रा), त्यावर कोबा, त्यावर पांढरी टाइल. उन्हाची बहुतेक उष्णता स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही. खर्च वाढतो, तो बाहेरच्या एलिव्हेशनच्या नक्षीतून काढा. पश्चिमेला बेडरूमऐवजी जिना, बाथरूम, कोठी द्या. तिथल्या कलत्या उन्हापुढे 2 फुटांचा छज्जा पुरत नाही.

ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात ‘वॉटरप्रूफिंग’ अशी एकच ओळ आणि एकच आकडा असेल तर सही करू नका. बोर्डाची जाडी, कोब्याची जाडी, 10 फुटांना सव्वा इंच उतार, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेचा गोल वाटा, म्हणजे कोपऱ्यातला गोलावा, आणि टाइल, प्रत्येकाचा दर वेगळा लिहून घ्या. शेवटचं बिल गच्चीवर दोन दिवस पाणी कोंडून, खालचं छत कोरडं राहिलेलं बघूनच चुकतं करा.