‘ईसीएम उडालं’ म्हणाले की आधी दुसरी चावी लावून पाहा

गाडी सेल्फ घेते, इंजिन फिरतं पण चालू होत नाही, किंवा चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं. मीटरमध्ये चावीचा नाहीतर कुलपाचा दिवा लुकलुकत राहतो. यवतमाळ-वाशिमकडच्या खेड्यात कंपनीचं सर्व्हिस सेंटर दूर, गाडी ओढून न्यायची तर भाडं परवडत नाही. नेमक्या या अडचणीत मेकॅनिक स्कॅनर लावतो, पडद्यावरचा पी०५१३ कोड दाखवतो आणि म्हणतो, “भाऊ, ईसीएम उडालं.” ईसीएम म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर. मग ते काढून नेतात आणि दोन दिवसांनी तेच पुसून परत बसवतात. बिल मात्र नव्याचं.

पी०५१३ म्हणजे चावीची ओळख पटली नाही, एवढंच. ज्या ईसीएममधून स्कॅनरला हा कोड वाचता आला, ते जिवंत आहे आणि आपलं राखणीचं काम करतंय. पूर्ण मेलेलं ईसीएम स्कॅनरला उत्तरच देत नाही.

चावीच्या प्लास्टिकमध्ये एक बारीक चिप असते. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिच्याच लहरींवर चिप जागी होते, तिला सेल लागत नाही. म्हणून रिमोटचा सीआर२०३२ सेल संपला तर दारं उघडणार नाहीत, पण चावी फिरवली की गाडी चालू व्हायलाच पाहिजे. बटन-स्टार्ट गाडीत सेल संपला असेल तर बहुतेक मॉडेलांत रिमोट बटनाला टेकवून स्टार्ट मारता येतो.

सगळ्यात जास्त घोळ चावीचं कव्हर बदलताना होतो. बाजारात नवं कव्हर बसवून देतात आणि चिप जुन्या तुटक्या कव्हरातच राहते. कधी ती मुद्दाम ठेवून घेतात, मग ‘नवी चावी कोडिंग’चे, म्हणजे चावीची ओळख गाडीत नोंदवण्याचे, पैसे लावतात. जुनं कव्हर कधीच दुकानात सोडू नका.

याच गाडीची दुसरी चावी लावा, जुडग्यातली दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी बाजूला काढा. या दुसऱ्या चावीवर गाडी चालू झाली तर दोष पहिल्या चावीत. दोन्हींवर नाही झाली तर कॉइल आणि तिचा प्लग तपासून घ्या. गाडी गोठ्याजवळ, कापसाच्या गंजीजवळ उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आधी. बॅटरीही मोजा : गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. आणि इग्निशन ऑन केल्यावर मीटरमधला तो चावीचा दिवा नेहमीसारखा विझत असेल तर दोष चावीत नाही, क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) किंवा डिझेल-पेट्रोलच्या पुरवठ्यात शोधावा लागेल.

तरीही ईसीएम काढायचंच म्हणाले, तर वरच्या स्टिकरवरच्या नंबराचा फोटो आधी काढा आणि बसवताना जुळवा. भंगारातलं ईसीएम घेऊ नका, त्यात दुसऱ्याच गाडीच्या चावीची ओळख भरलेली असते. ‘इमोबिलायझर बंद करून देतो’, म्हणजे चावीची ओळख तपासणारी यंत्रणाच काढून टाकतो, यालाही साफ नाही म्हणा. मग चिप नसलेल्या साध्या चावीवरही गाडी जाईल.

कोडिंग करताना समोर उभे राहा, हातातल्या सगळ्या चाव्या सोबत ठेवा. काम झाल्यावर नोंदलेल्या चाव्यांची संख्या स्कॅनरवर दाखवायला लावा. हातात दोन आणि पडद्यावर तीन दिसल्या, तर सगळ्या पुसून तुमच्या दोनच पुन्हा नोंदवल्याशिवाय पैसे देऊ नका.