रायफलधारी शिपायांचा हिरवा: छोट्या प्रतिकृतींसाठीचा रंगसंच

नेपोलियनकालीन ब्रिटिश रायफलधारी शिपायांच्या छोट्या प्रतिकृतींसाठी घेतलेल्या या संचातील गडद हिरवा रंग उत्तम आहे. दोन पातळ हातांत तो एकसारखा बसतो आणि वाळल्यावर जवळजवळ काळा भासतो, जे ९५व्या रायफल पलटणीच्या कोटाला साजेसेच आहे. त्या कोटाची कॉलर व कफ काळे, त्यांना बारीक पांढरी किनार आणि छातीवर पांढऱ्या धातूच्या बटणांच्या तीन रांगा असत. संचासोबतच्या रंगकामाच्या पत्रकात मात्र ६०व्या पलटणीच्या पाचव्या बटालियनलाही काळीच कॉलर दाखवली आहे. १७९७ साली उभारलेल्या त्या बटालियनच्या हिरव्या कोटाला लाल कॉलर व लाल कफ होते, आणि संचात लाल रंगच नाही! पांढराही इतका दाट आहे की पाणी मिसळल्याशिवाय किनार सरळ ओढता येत नाही.