मूडल घ्यायचं की भाड्याचं रेडीमेड एलएमएस (ऑनलाइन ट्रेनिंगचं सॉफ्टवेअर)? कारखान्यात लाइनवरच्या लोकांसाठी विचारताय तर हे वाचा

चाकणला ऑटो पार्टच्या कारखान्यात ट्रेनिंगचं काम माझ्याकडे आहे आणि आमच्याकडे दोन्ही वापरून झालंय, आधी महिन्याच्या भाड्याचं एक रेडीमेड क्लाउड एलएमएस (नाव घेत नाही) आणि आता मूडल, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर बसवता येणारं फुकट एलएमएस. क्वीझ, रिपोर्ट, सर्टिफिकेट, स्कॉर्म (तयार कोर्स कुठल्याही एलएमएसमधे चालावा म्हणून ठरवलेला फॉरमॅट) हे सगळं दोन्हीकडे असतंच, त्यामुळे फीचर्सच्या तक्त्यावरून ठरवायला बसलात तर काहीच ठरणार नाही.

रेडीमेडचं चांगलं आधी सांगतो. दिसायला सुंदर, सर्व्हर-बॅकअपची काळजी नाही, पहिला कोर्स आम्ही दुसऱ्याच दिवशी चालू केला. ऑफिसमधल्या लोकांना, म्हणजे अकाउंट्स, परचेस, डिझाइनवाले, कुणालाच अडचण आली नाही, पॉशचं (कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखण्याचं) ट्रेनिंग तर आठवड्याभरात सगळ्यांचं उरकलं.

अडलं ते लाइनवर. लॉगिनला ईमेल कंपल्सरी होता. आता ऑपरेटर आणि कंत्राटी पोरांना कंपनीचा ईमेल नसतोच, स्वतःचा असतो पण तो मोबाइल घेताना दुकानदाराने काढून दिलेला, त्याचा पासवर्ड कुणाला आठवणार? आणि खातं चालू करायची लिंक नेमकी त्याच मेलवर जाणार. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी आम्हाला जेमतेम 20 मिनिटं मिळायची, त्यातली 15 पासवर्डमधेच जायची, मग लोक वैतागायचे आणि सुपरवायझर स्वतःच्या लॉगिनवरून कोर्स लावून सगळ्यांना एकदम दाखवायचा. रेकॉर्डला काय दिसतं, तर एका सुपरवायझरने लॉकआउट-टॅगआउटचा (दुरुस्तीआधी मशिन बंद करून कुलूप आणि टॅग लावायचा) कोर्स परत परत बघितलाय आणि प्रेसवर उभ्या राहणाऱ्या पोरांच्या नावापुढे शून्य. ऑडिटला शेवटी सह्यांचे कागदच काढून दाखवले. ऑडिट निभावलं पण मला ते फार लागलं, कारण मशिनमधे हात घालणाऱ्या माणसाला खरंच समजलंय का हे कळावं म्हणूनच तर एवढा खर्च केला होता. सपोर्टला विचारलं तर म्हणाले खोटे ईमेल बनवून टाका. बनवले, पण पासवर्ड विसरला की रीसेटचा मेल कुठेच पोचत नाही, म्हणजे परत तेच.

मूडलमधे युजरनेम काहीही ठेवता येतं. आम्ही टोकन नंबर ठेवला, तो प्रत्येकाच्या आयकार्डावर असतो आणि तोंडपाठही असतो. ईमेलचा रकाना तिथेही भरावा लागतो बरं का, पण एकच ईमेल अनेक खात्यांना चालेल अशी सेटिंग आहे, ती चालू करून आम्ही सगळ्यांना ट्रेनिंग विभागाचाच मेलबॉक्स दिला, रीसेटचा मेल आमच्याकडेच येतो. पासवर्डला मुळात कॅपिटल, आकडा, चिन्ह सगळं लागतं, त्यातलं कॅपिटल आणि चिन्ह काढलं, लांबी तशीच ठेवली. नवीन बॅच आली की एक्सेलमधून सीएसव्ही काढून एकदाच अपलोड करायची, त्यातच कोहोर्टचा, म्हणजे गटाचा, रकाना टाकला की प्रेस शॉपवाल्यांना प्रेसचे कोर्स आपोआप लागतात. फक्त युजरनेममधे अक्षरं असतील तर ती स्मॉल ठेवा.

पैशाचंही आहेच. रेडीमेडमधे आम्ही माणशी पैसे भरत होतो आणि कंत्राटी लोक सारखे बदलतात, तो हिशोब दर महिन्याला डोकं खायचा. मूडलला लायसन्सचा खर्च नाही, पण फुकट म्हणून उड्या मारू नका, सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. क्रॉन (सर्व्हरवर ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम) दर मिनिटाला चालला पाहिजे, नाहीतर मेल आणि कोर्स पूर्ण झाल्याच्या नोंदी अडकून बसतात. दर सहा महिन्यांनी नवीन व्हर्जन येतं, त्यामागे धावू नका, जास्त काळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन धरा, 4.5 तसं आहे. आणि पीडीएफ सर्टिफिकेटवर मराठी नावांची जोडाक्षरं फुटतात, आम्ही नावं इंग्रजीतच छापतो, हे मला अजून खटकतं.

गूगल क्लासरूमबद्दलही बरेच जण विचारतात, पण तिथे गूगल अकाउंट लागतंच आणि स्कॉर्म थेट चालत नाही.

तुमचे सगळे लोक लॅपटॉप घेऊन टेबलावर बसणारे असतील आणि आयटीला माणूस नसेल तर रेडीमेड घ्या, काही बिघडत नाही, आणि सगळ्याच रेडीमेडमधे ईमेलची सक्ती असेल असंही नाही. पण निम्मे लोक जरी लाइनवर असतील तर मी तरी मूडलच म्हणेन. काहीही घेतलंत तरी ट्रायलमधे कॉन्फरन्स रूममधला डेमो बघून सही करू नका, रात्रपाळीच्या दहा जणांना बोलवा आणि कुणालाही ईमेल न विचारता त्यांना लॉगिन करून द्यायला विक्रेत्याला सांगा, घड्याळ लावून.