डबेवाल्यांची सेवा: नवेपण झाकणावर रंगवलेलं

सेवाधंद्यात नवं काही म्हणजे नवं यंत्र, असं अभ्यासक फार वर्षं धरून चालले. सेवांमध्ये नवेपण कसं येतं याबद्दल १९८६ साली संशोधक रिचर्ड बारास यांनी मांडलेला सिद्धांतही संगणकापासूनच सुरू होतो. कामाची मांडणी, माणसांची साखळी यांकडे लक्ष गेलं ते पुढे. घरचं जेवण कामाच्या जागी पोहोचवणाऱ्या मुंबईच्या डबेवाल्यांनी, १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या आपल्या सेवेत, हे आधीच करून ठेवलं होतं, हे मान्य करायलाच हवं.

त्यांच्या डब्याचं झाकण बघा. मधोमध मोठा आकडा: डबा कुठल्या स्टेशनला उतरवायचा. कडेला वाटणाऱ्याची खूण, इमारत, मजला. दुसरीकडे निघण्याचं स्टेशन. पूर्वी यासाठी रंगीत दोरे असत. पूर्ण पत्ता मुद्दामच नाही, कारण लोकल थांबते अर्धा मिनिट. तेवढ्यात वाचून होईल एवढंच लिहायचं. डबेवाल्यांच्या प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जादा ठेवतात, म्हणून एखादा आजारी पडला तरी डबा चुकत नाही.

घोळ होतो तो बहुधा घरी: डबा वेळेवर भरलेला नसतो आणि ठरलेली गाडी सुटते. शिवाय फार उंच किंवा चौकोनी डबा लाकडी पाटीत नीट बसत नाही. साधा गोल, घट्ट कडीचाच घ्या. सेवा उत्तम. सुट्ट्यांचं मात्र आधी विचारून ठेवा.