बोलके पुस्तक की वाचून दाखवायचे चित्रपुस्तक?

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी बटण दाबताच गोष्ट ऐकवणारे बोलके पुस्तक घ्यावे, की आपण वाचून दाखवायचे साधे चित्रपुस्तक, हा प्रश्न आमच्याही घरी पडला होता आणि जवळजवळ वर्षभर आम्ही दोन्ही वापरून पाहिली.

बोलक्या पुस्तकाची बाजू लंगडी नाही. त्यातले उच्चार स्वच्छ असतात आणि आपला आवाज बसलेला असला तरी गोष्ट त्याच उत्साहाने ऐकवली जाते. शिवाय तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकण्याचा मुलांचा हट्ट त्याला जड जात नाही. हा हट्ट पुरवण्यासारखाच असतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, एकच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकलेल्या तीन वर्षांच्या मुलांना त्यातले नवे शब्द, वेगवेगळ्या गोष्टींतून तेच शब्द ऐकलेल्या मुलांपेक्षा, अधिक चांगले शिकता आले.

आमची अडचण एकच होती, पण ती रोजची होती: तो आवाज थांबत नसे. मुलगी मध्येच विचारी, "ससा रडतोय का?" आणि तिचा प्रश्न पुरा होण्याआधी ससा जंगलापार गेलेला असे. मी उत्तर देऊ लागलो की पुढची वाक्ये ऐकायची राहून जात, आणि पुन्हा ऐकायचे म्हटले तर गोष्ट पहिल्यापासून सुरू होई. हळूहळू माझ्याही तोंडून "ते बटण नको दाबूस, आधी पान उलट" एवढेच निघू लागले. दीडेक महिन्याने ध्यानात आले, की त्या पुस्तकापुढे बसल्यावर ती काही विचारतच नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

साध्या पुस्तकात थांबणे आपल्या हाती असते, आणि भाषा बहुधा त्या थांबण्यातच वाढते. मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या १९८८ च्या अभ्यासात पालकांच्या दोन्ही गटांनी मुलांना सारख्याच प्रमाणात वाचून दाखवले होते, मात्र ज्या गटाने "आता काय होईल?" यांसारखे मोकळे प्रश्न विचारले आणि मुलाच्या तुटक उत्तरात भर घालून ते त्याला परत ऐकवले, त्या गटातली मुले महिन्याभरातच बोलण्यात पुढे गेली. मी तर कंटाळून ओळखीच्या वाक्यातला शेवटचा शब्द गाळू लागलो, आणि मुलगी तो भरू लागली.

अक्षरओळखीबद्दल ठाम बोलण्याइतका माझा अनुभव मोठा नाही. ओळीखालून बोट फिरवत वाचताना तिने एकदा स्वतःच्या नावातले अक्षर ओळखले, तर बोलक्या पुस्तकात तिची नजर बहुतेक वेळ बटणावरच असे, एवढे मात्र मी पाहिले आहे.

घरात वाचून दाखवायला कोणी मोकळे नसेल किंवा शिकवायच्या भाषेचे उच्चार आपल्यालाच अवघड जात असतील, तर बोलके पुस्तक जरूर घ्यावे. एरवी मी साध्या पुस्तकाकडेच झुकेन. आमच्या बोलक्या पुस्तकातली चित्रे सुरेख आहेत, म्हणून त्यातले सेल काढून ठेवले आहेत आणि आता तेही आम्हीच वाचतो.